चौकात लागलेली तारीख

३ फेब्रु., सोम.
तिन्ही दलांच्या संयुक्त सरावाचा आराखडा पुरा. जहाजं, विमानं, आमची पलटण, सगळं एका वेळेत बसवलं. सायबर विभागाच्या कॅप्टन मीरा पुन्हा आल्या होत्या. त्यांना पहिल्या बैठकीपासून बसायचं होतं. म्हटलं, आधी योजना होऊ द्या, शेवटचं पान तुमचंच. मान हलवून गेल्या. जरा जास्तच बोललो का? असो.

५ फेब्रु., बुध.
सरावात शत्रूची बाजू मीरांकडे. आम्ही हलायच्या आधीच त्यांच्या पडद्यावर आमचं बंदर, आमची तारीख. विचारलं, कुणाची यंत्रणा फोडली?
"काहीच फोडलं नाही, सर." आणि एक फोटो लावला.
माझ्या गावचा, युसूफ वडगावचा चौक. फ्लेक्स. त्यावर मी, वर्दीत. 'आपले मेजरसाहेब यांना ५ तारखेच्या मोहिमेसाठी हार्दिक शुभेच्छा.' बंदराच्या नावासकट. शुभेच्छुकांत पहिले अण्णा, माझे वडील.
गावातल्या कुणीतरी फोटो काढून समाजमाध्यमावर टाकलेला. पण अण्णांना सांगितलं कुणी? मीच. पाचपासून फोन लागणार नाही, अमुक बंदरावर असेन, काळजी करू नका. एवढंच तर...
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

६ फेब्रु., गुरु.
साहेबांपुढे कबूल केलं. लेखी खुलासा दिला. खऱ्या मोहिमेच्या नियोजनात मला ठेवायचं की नाही, ते कळवणार आहेत. नव्या आराखड्यात मीरा पहिल्या पानापासून. ही शिफारस माझीच. उशिरा सुचलं.

८ फेब्रु., शनि. वडगाव.
रजा, तीन दिवस. एसटीतून उतरलो तर समोर मीच, हसतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
अण्णा म्हणाले, "आपल्या भीमनगरातल्या माणसाचा फोटो चौकात पयल्यांदा लागला. कावून उतरवायचा?"
कारण सांगितलं. मग अण्णांनी स्वतःच शिडी आणली, फ्लेक्स उतरवला. लोकांनी विचारलं, तर म्हणाले, दोरी तुटली. अण्णांना खोटं बोलताना मी आज पहिल्यांदा ऐकलं.

९ फेब्रु., रवि.
फ्लेक्स घडी करून कपाटावर. साहेबांचा निरोप नाही.
जेवताना सहज बोलून गेलो, "अण्णा, मोहिमेत नाव राहिलं तर पुढच्या महिन्यात मी..."
त्यांनी उष्टा हात वर केला. "नको. मला काईच सांगू नको."
घास हातातच राहिला. पुन्हा सांगणारच होतो मी.