भुताच्या खाचराची फाईल

प्रिय साळू,

पत्र हातात पडल्यावर आधी चष्मा शोध, आणि सूनबाईला वाचायला देऊ नकोस. प्रतिभा गुणाची आहे, पण हे तिच्यासाठी नाही. तू चौथी पास, मी दुसरीतून उठलेली. मी लिहू शकते तर तुला वाचायला काय होतंय? अक्षर वाकडं आहे, ओळी घाट चढल्यासारख्या वर वर गेल्यात, पण माझ्या हातच्या आहेत. चार दिवस लागले. हर्षाली दोनदा म्हणाली, आजी तू सांग, मी लिहिते. मी म्हटलं, तू तुझं बघ. तिला का लिहू दिलं नाही ते शेवटी कळेल. आणि फोनचं म्हणशील तर तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. मागे मी सांगितलं आमची म्हैस व्याली, तर तू विचारलंस, सिझर का? घरातले सगळे हसले, मी मात्र व्हय म्हटलं आणि फोन ठेवला.

तर बातमी अशी, आपलं गाव पुन्हा एकदा बुडालं आणि वर आलं. वर आलं हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू छाती धरून बसशील.

माझ्या रामदासची हर्षाली मंचरच्या कॉलेजात कंप्युटर शिकते, हे तुला माहीत आहे. संक्रांतीला तू आलीस तेव्हा ती मोबाईल घेऊन आपल्या मागे मागे फिरत होती ना, ते काही उगाच नव्हतं. ती धरणाखालच्या आपल्या गावाचा नकाशा करते आहे. नकाशा म्हणजे तलाठ्याकडचा नाही, त्यात नुसते आकडे. हिच्या नकाशात प्रत्येक भातखाचराचं नाव. कंप्युटरवर बोट ठेवलं की त्या खाचराची माहिती सांगणारं माणूस बोलायला लागतं. चिंचेचं खाचर म्हटलं की अंबाबाई बोलते, लांबट म्हटलं की हौशीराम. दिवाळीपासून पोरगी फिरली. गाव उठल्यावर कोण घोडेगावला गेलं, कोण पार शिरूरकडं, कोण माझ्यासारखं वर टेकाडावरच राहिलं. सगळ्यांच्या ओसरीवर जाऊन बसली, चहा पिऊन पिऊन पित्त झालं तिला. एकशे सव्वीस आवाज गोळा केले. त्यातली दोन माणसं आता नाहीत, साळू. ठमाबाई माघातच गेली.

आणि हे सगळं कशासाठी, तर अक्षय्य तृतीयेसाठी. तोवर धरणाचं पाणी उतरतं, बांध उघडे पडतात, देवळाचा चौथरा दिसतो. त्या दिवशी पांगलेल्या सगळ्या गावानं तिथं उतरायचं, प्रत्येकानं आपापल्या खाचरात उभं राहायचं आणि तिथं नावाची पाटी रोवायची, असं तिनं ठरवलं आहे. सगळ्यांना निरोप गेले. तुलाही आला असेल, तू हां हां म्हणाली असशील.

आता बुडालं कसं ते ऐक. ते समजायला मला दोन आठवडे लागले, तुला दोन मिनिटांत सांगते. कंप्युटरात गिट म्हणून एक असतं. आपण जे काम करू त्याची प्रत ते बाजूला ठेवतं, उद्या काही बिघडलं तर कालचं परत देतं. पण त्याला दोनदा सांगावं लागतं. आधी ‘ॲड’, म्हणजे हे हे आत घे. मग ‘कमिट’, म्हणजे आता शिक्का मार. मी म्हटलं, हात्तिच्या, म्हणजे बियाणं आधी घरात आणायचं, मग कणगीत भरून शेणामातीनं तोंड लिंपायचं. तोंड लिंपलं की मगच निर्धास्त. त्यानंतर तिसरं एक असतं, लिंपलेल्याची एक प्रत इंटरनेटवर दूर पाठवून द्यायची. त्याला मात्र रेंज लागते.

आणि आमच्या घरात रेंज कुठली! पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून हात वर केला की दोन काड्या येतात. तिथंही आता माणसांची रांग असते, दळणाच्या रांगेसारखी. मग ही शहाणी काय करायची, रोज संध्याकाळी ‘ॲड’ तेवढं करायची आणि म्हणायची, शिक्का आणि पाठवणी एकदमच करू, टाकीवर गेल्यावर. शिक्का मारायला रेंज लागतच नाही. घरातल्या घरात, चुलीपाशी बसून मारता येतो. पण तिच्या डोक्यात ते दोन्ही जोडूनच बसलेलं. टाकीवर जाणं काही झालं नाही. आधी थंडी, मग परीक्षा, मग हरभरा काढायला मीच तिला नेलं. शेवटचा शिक्का कधीचा, तर दिवाळीचा. कोरा नकाशा आणि वर कॉलेजचं नाव.

शिवरात्र होऊन आठ दिवस झाले होते. दुपारची वेळ. मी पापड वाळत घालत होते. हर्षाली नकाशात पाण्याला निळा रंग देत होती आणि काय चुकलं कुणास ठाऊक, तो निळा सगळ्या गावावर पसरला. खाचरं, देऊळ, खळी, सगळं निळं. ती म्हणाली, थांब आजी, कालच्यावर परत जाते. गिटला हुकूम सोडला, मागच्या शिक्क्यावर जा, त्यात नसलेलं सगळं झाडून टाक. ते गेलं. दिवाळीला जाऊन बसलं. एक आवाज नाही, एक फोटो नाही. मोबाईलात बघावं तर मोबाईल भरतो म्हणून त्यातलं पुसून टाकलेलं, कंप्युटरात आहे ना म्हणून. कंप्युटराची कचरापेटी असते, ती पण रिकामी. पोरगी रडलीसुद्धा नाही, साळू. नुसती बघत बसली. मला एकदम आपली माणसं आठवली, पहिल्या वर्षी पाणी चढलं तेव्हा अशीच टेकाडावर बसली होती. मी पापड तसेच टाकले. कावळ्यांनी नेले, नेऊ दे.

रामदास म्हणाला, पुन्हा गोळा कर, त्यात काय. त्याला म्हटलं, ठमाबाईला कुठून आणशील रे?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं आम्ही दोघी मंचरला. कंप्युटर मी माझ्या गोधडीत गुंडाळला आणि मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणतो, आजी, लेकराला हवा लागू द्या. मी म्हटलं, भाऊ, गाडी जपून चालवायला सांगा, आख्खं गाव हाय याच्यात. त्याला वाटलं म्हातारी बिघडली. घोडेगावच्या पुढं खड्डे आले की मी दोन्ही हातांनी वर उचलून धरायची.

कॉलेजात तिच्या वैजयंती मॅडम आहेत. लहानखुरी बाई, ओठावर तीळ, कपाळाला कधी आठी नाही. त्यांच्या खोलीत मी चपला बाहेर काढल्या, त्या म्हणाल्या राहू द्या, पण इतके कंप्युटर बघून मला घालवेनात. मॅडमनी पहिलं एवढंच विचारलं, यानंतर काही नवीन केलंस का त्यात? नाही म्हणाली. शाबास. मग म्हणाल्या, ‘ॲड’ केलं होतंस का? हर्षाली म्हणाली, रोज केलं, पण कमिट नाही. आणि साळू, ती बाई हसली! म्हणाली, मग वेडे, गेलं कुठं? पोटात आहे त्याच्या. आत घेतलेलं गिट लगेच टाकून देत नाही. नकाशावरनं नाव पुसलं, माल आतच.

मग त्यांनी काहीतरी टाइप केलं. हर्षालीनं मला कानात सांगितलं, आजी, या हुकुमाचं नाव हरवलं-सापडलं असं आहे. मला इतकं हसू आलं. भीमाशंकरच्या जत्रेत कर्ण्यावर ओरडतात ना, निळा फ्रॉक घातलेली मुलगी सापडली आहे, नाव सांगत नाही, ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी. तसंच झालं. सगळी लेकरं सापडली, पण एकालाही नाव सांगता येईना. नावाच्या जागी नुसते आकडे आणि अक्षरं, हातभर लांब, मंत्र पुटपुटल्यासारखी. मॅडमनी फोटो एकीकडं काढले, आवाज एकीकडं. पण कुठला आवाज कुणाचा, कुठल्या खाचराचा? हर्षालीचं तोंड पुन्हा उतरलं. मॅडम म्हणाल्या, एकेक ऐकावं लागेल, महिना जाईल. त्यांनी पहिला लावला. त्यात कुणीतरी तीनदा खाकरलं. नुसतं खाकरलं हां, शब्द नाही. मी मागच्या बाकावरून ओरडले, अंबाबाई! चिंचेचं खाचर! आणि लगेच आतून अंबाबाई बोलली, आमचं त्ये चिंचंचं खाचर व्हतं ना...

मॅडम उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, आजी, तुम्ही पुढं या.

तीन दिवस गेले मी मंचरला. चपला घालून गेले, सवय झाली. दुसरी शिकलेली बाई मी, कॉलेजात पहिल्या बाकावर, आणि हर्षाली माझं ऐकून नावं टाइप करते. कुणाचा घसा, कुणाची कवळी, कुणाच्या ओसरीवर कोंबडी ओरडते, त्यावरनं सांगत गेले. फोटो आले तेही ओळखले. बांधाला धोंड्यांची भिंत दिसली की आपलं, उंबर दिसला की खालच्या आळीचं. ठमाबाईचा आवाज लागला तेव्हा मी नाव पटकन सांगितलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं.

शेवटच्या दिवशीचे तीन तेवढे ‘ॲड’ करायचे राहिले होते, ते कायमचे गेले. ते तिघंही खणखणीत आहेत, पुन्हा बोलले. त्यातला एक हौशीराम. पहिल्यांदा त्यानं सांगितलेलं भुताच्या खाचरातलं भूत माणसाएवढं होतं. आता ताडाएवढं झालं आहे आणि त्याला शिंगं आलीत.

हं. आता तू हसायला लागली असशील. मला माहीत आहे.

एकशे सव्वीसमध्ये एक फाईल अशी निघाली की तिला नाव देता येईना. चार मिनिटांची. त्यात दोन म्हाताऱ्या हसतायत. फक्त हसतायत. एक थांबते, दुसरी फिसकन फुटते, पुन्हा दोघी सुरू. मध्ये हर्षालीचा आवाज, अगं आजी, सांग ना, भुताचं खाचर म्हणजे काय? की पुन्हा हसू. संक्रांतीला चुलीपाशी तिनं आपल्याला विचारलं होतं, आठवलं का? मॅडमसुद्धा हसायला लागल्या, कशाला ते माहीत नसताना. हर्षाली म्हणते, आजी, नऊ माणसांनी त्या भुताची गोष्ट सांगितली. एकानं तर डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही दोघीच का हसता?

काय सांगू तिला? की तुमच्या घरची आणि आमच्या घरची सगळी मोठी माणसं पलीकडच्या वाडीत दहाव्याला गेली होती. तुझ्या बाचं ते चटईएवढं खाचर चिखलून तयार होतं, बांधावर रोपांच्या मुठी पडल्या होत्या, आणि आपण दोघी, दहा वर्षांच्या, तुझ्या आईला तेवढंच बरं म्हणून आवणी करायला, रोपं लावायला उतरलो. गप्पा मारता मारता मुठी संपल्या तेव्हा शेजारच्या बांधावरच्या आमच्या उचलल्या. तुमचं लवकर पिकणारं हळवं, आमचं उशिरा पिकणारं गरवं, हे कुठं डोक्यात! संध्याकाळी माझा बा रोपं चोरली म्हणून गावभर ओरडत सुटला आणि आपली दातखीळ बसली. मग भात पिकायला आलं. अर्ध्या ओळी पिवळ्या, अर्ध्या हिरव्यागार. तुझा बा बांधावर हात जोडून उभा राहिला, म्हणाला, ही माणसाची लावणी न्हाई. तिथनं पुढं दरसाल आवणीच्या आधी तो तिथं नारळ ठेवायचा आणि दरसाल दुसऱ्या दिवशी तो नारळ नाहीसा व्हायचा. भूत प्रसन्न झालं म्हणून तो कसा खूश व्हायचा, साळू. खोबरं काय गोड असायचं.

आता मुद्द्याचं. तू मला त्या वर्षी भीमाशंकराची शपथ घातली होतीस, मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकाला सांगितलं नाही, म्हणूनच हे पत्र हर्षालीच्या हातनं लिहून घेतलं नाही. पण पाट्या रंगवून झाल्या आहेत. एकशे पंचवीस फायलींना नावं आहेत, एक बिननावाची आहे, आणि एक पाटी मी कोरी ठेवायला लावली आहे. पोरीनं सगळं गाव परत आणलं, त्यात एवढी एक खोटी पाटी माझ्याच्यानं बघवणार नाही. तेव्हा तुझी शपथ तू सोडव. फोन करू नकोस, पत्र लिहू नकोस. अक्षय्य तृतीयेला सकाळच्या गाडीनं सरळ निघून ये. त्या खाचरात दोघी उभ्या राहू, हर्षाली मोबाईल धरेल, आणि तू तुझ्या तोंडानं सांग भूत कोण होतं ते. हौशीरामाचं तोंड बघायला मला तू शेजारी हवी आहेस. येताना एक नारळ आण. इतक्या वर्षांचे नारळ आपण फुकट खाल्लेत, एक तरी तुझ्या बाच्या नावानं ठेवू, आणि या खेपेला लगेच, तिथंच, सगळ्यांसमोर फोडून खाऊ.

तुझीच,
भुतातली अर्धी,
गोजर