बारा खोल्यांची बोट

अमरावती
३ डिसेंबर २०२४

चि. दुर्गास,
अ. उ. आ.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. काचबिंदू एवढा पुढे गेला आणि तू मला आत्ता कळवतेस. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली फार तर वर्षभर, हे डॉक्टरांचं बोलणं मी चारदा वाचलं. मग रडून घेतलं, मग तुझ्यावर चिडूनही घेतलं. फोन कानाला लावला की मला कानातल्या यंत्राची नुसती शिट्टी ऐकू येते आणि मोबाईलचा उजेड तुला सोसत नाही. आपल्या नशिबी पोस्टमनच.

डोळे आहेत तोवर काय बघायचं, असं सगळे तुला विचारतात म्हणे. नातवंडांचे चेहरे पाठ आहेत, पण जिचा दुसरा काठ दिसत नाही अशी नदी एकदा बघायची आहे, असं तू लिहिलंस. लहानपणी भातकुलीला आपण पेढी नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी भरायचो. चौथीत तू ब्रह्मपुत्रेचा नकाशा काढलास तेव्हा सगळी निळी शाई संपवलीस आणि मार खाल्लास. ती नदी मी तुला दाखवणार. आता ठरलं.

आमच्या ओळखीतल्या शाहनवाजचं इथे प्रवासाचं ऑफिस आहे. ब्रह्मपुत्रेवर आठ-आठ दिवस बोटीतच राहायचं अशा सहली निघतात, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. मी विचारलं, चांगली कुठली? तर तो म्हणाला, मावशी, बोट नंतर पाहू, पहिले जानारा कोन हाय ते सांगा. एक बोट मोठी आहे, ऐंशी माणसं, वर पोहायचा हौद, रोज गाणीबजावणी. दुसरी बारा खोल्यांची, लहान, खोलीची खिडकी जमिनीपासून छतापर्यंत, रोज वाळूच्या बेटावर फळी टाकून उतरवतात. तिसरी मधली, जिना सोपा, सोबत डॉक्टर. माहितीची पत्रकं पाठवतेय. सोबत एक फॉर्म आहे. तुम्ही कोणत्या प्रकारचे प्रवासी, असं विचारलंय. निवांत, धाडसी, हौशी की अभ्यासू? भर आणि पाठव.

इकडे सगळे बरे आहेत. आमच्या प्रणालीला सासरी सातवा महिना सुरू होईल. पत्राला उशीर केलास तर मीच येऊन धडकेन.

तुझी,
कौशल्या


अकोला
११ डिसेंबर २०२४

ती. सौ. कौशल्याताईस,
शि. सा. न. वि. वि.

फॉर्म कोराच परत पाठवते. मी कोणत्या प्रकारची प्रवासी? त्रेसष्ट वर्षांत अकोला-अमरावती आणि अमरावती-अकोला. बाळंतपणं, लग्नं आणि मयती. मयतीला जाताना खिडकीची जागा मागितली तर लोक काय म्हणतील, म्हणून मी एसटीत खिडकीशी कधी बसलेच नाही. या प्रकाराला चौकोन नाही त्यात.

बोट मात्र मी निवडली. बारा खोल्यांची. पत्रकात तिच्या खिडकीचा फोटो आहे, नुसतं पाणी आणि वर आभाळ. मला आता बाजूचं काही दिसत नाही, बांगडीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. मोठी खिडकी असली की बांगडी फिरवत बसेन आणि सगळी नदी गोळा करेन. गाणीबजावणी नको. तुला ऐकू येणार नाही आणि माझं लक्ष जाईल. अठरा जानेवारीच्या फेरीत एक खोली शिल्लक आहे, असं पत्रकावर पेन्सिलनं लिहिलंय. ती धर.

ताई, आई दुपारची झोपली की आपल्याला बोलायची चोरी असे. आपण ओसरीवर पालथ्या पडायचो आणि तू बोटानं माझ्या पाठीवर लिहायचीस, मी अक्षर ओळखायचे. माझी पाळी आली की तुला गुदगुल्या व्हायच्या. तू कधी माझं एक अक्षर पूर्ण होऊ दिलं नाहीस, लबाड. आठ दिवस सोबत राहू, तेव्हा ते उट्टं काढणार आहे.

सूनबाई गीतांजली तुला नमस्कार सांगते. ती माझ्या डोळ्यात औषध घालताना श्वास रोखून धरते. माया असू दे, फॉर्मपुरती नको.

तुझी,
दुर्गा


अमरावती
३० डिसेंबर २०२४

चि. दुर्गास,
अ. उ. आ.

रागावू नकोस, अठरा जानेवारीची खोली मी धरली नाही. शाहनवाजकडे दोनदा जाऊन बसले. त्या बारा खोल्यांच्या बोटीचा जिना उभा आहे आणि उतरायची फळी जेमतेम हातभर रुंद. तुला खालचं दिसत नाही, घरातल्या घरात उंबऱ्याला ठेचकाळतेस असं तूच लिहिलंयस. पाण्यात पडलीस तर मी हाक मारीन आणि तुझं ओरडणं मला ऐकू येणार नाही. शिवाय जानेवारीत तिकडे सकाळी धुकं असतं म्हणे. एवढं जाऊन धुकं बघायचं का?

तिसरी, मधली बोट ठरवली. जिना सोपा, डॉक्टर सोबत. खिडकी लहान आहे, पण वर गच्ची आहे. तिच्यात जागा नऊ मार्चलाच आहे. आधीची तारीख मिळते का ते रोज विचारायला लावते, शाहनवाज मला पाहिलं की आता दुकानाच्या मागे जातो. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. गरम शाल घेऊन ठेव, माझी मागू नकोस.

तिळगूळ पाठवला आहे, बरोबर रागही गोड कर.

तुझी,
कौशल्या


अकोला
१३ जानेवारी २०२५

ती. सौ. कौशल्याताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. तू ठरवलंस ते बरोबरच असेल, तू मोठी.

फक्त एक सांगते. काल मला ताटातली वाटी दिसली नाही, आणि ती समोरच होती. पडायची भीती मला कमी वाटते, ताई. फळी हातभर असो की बोटभर. पुन्हा एकदा बघ, जानेवारीअखेर त्या लहान बोटीत कोणी रद्द केलं असेल तर. नसेल तर नऊ मार्च. त्यापुढे नको. एवढा हट्ट मी लग्नातसुद्धा केला नव्हता.

तुझ्या मायेवर भरवसा ठेवून,
दुर्गा


अमरावती
२२ फेब्रुवारी २०२५

चि. दुर्गास,
अ. उ. आ.

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. प्रणालीला डॉक्टरांनी आता नऊ-दहा मार्चची तारीख दिली आहे. ती परवा इकडे आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुला मी सांगायला नको. मी आठ दिवस नदीवर आणि पोरगी दवाखान्यात, हे कसं शोभेल? तिच्या सासरचे काय म्हणतील? ती स्वतः म्हणते, तू जाय ना माय, मी काय एकटी आहो का, सासू येते म्हनते इथं. पण ते म्हणायचं असतं. पुढे सव्वा महिना तिची अंघोळ, शेक, डिंकाचे लाडू. सगळं माझ्याच हातचं.

तोवर बोटींचा मोसम संपतो. पावसाळ्यात नदी फुगते, मग थेट ऑक्टोबर. बारा ऑक्टोबरची खोली मी नक्की केली आहे. औषध वेळेवर घालत जा. डॉक्टर वर्षभर म्हणाले होते, वर्ष डिसेंबरला होतं. मी हिशेब केला आहे, बसतो. बसला म्हणजे झालं.

उत्तर दे. रागाचं असलं तरी दे.

तुझी,
कौशल्या


अकोला
४ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्रणालीची काळजी घे. तिला माझा आशीर्वाद. ऑक्टोबर चालेल.

दुर्गा


अमरावती
१० जून २०२५

चि. दुर्गास,
अ. उ. आ.

नात तीन महिन्यांची झाली. नाक आपल्या आईचं, आवाज तुझा, म्हणजे सगळे म्हणतात, मला तो ऐकू येत नाही. बारशाला तू आली नाहीस, ऊन होतं म्हणून सोडून दिलं.

मागच्या दोन पत्रांत तुझ्या ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढल्यात. शाळेत असतीस तर छडी बसली असती. जरा उजेडात बसून लिहीत जा.

शाहनवाज विचारतो, खोली डाव्या बाजूची हवी की उजव्या? डावीकडून सकाळी ऊन येतं म्हणे. जेवण साधं, बिनमिरचीचं मिळेल, म्हणजे आपण ठेचा घरूनच नेऊ. नदीत डॉल्फिन का काय ते, मासे नसलेले मोठे प्राणी उसळी मारतात, त्यांना बघायला सकाळी गच्चीवर जायचं. मी सगळ्याची यादी केली आहे. तू नुसती ये. बाजू तेवढी कळव, नाहीतर मी माझ्या मनानं धरीन आणि मग म्हणशील ताई हुकूम सोडते.

तुझी,
कौशल्या


अकोला
२ जुलै २०२५

ती. सौ. कौशल्याताईस,
शि. सा. न. वि. वि.

विळीनं बोट कापलं, म्हणून गीतांजलीच्या हातून लिहिते. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, तुझी छडी वाचली.

बाजू कोणतीही चालेल. खिडकी लहान असली तरी चालेल. तिथल्या पाण्याचा आवाज कसा असतो ते शाहनवाजला विचारून कळव. बाळाला कुशीत घेतलं की तिच्या डोक्याचा वास येत असेल, तोही कसा आहे ते लिही.

तुझी,
दुर्गा


अकोला
८ सप्टेंबर २०२५

ती. सौ. कौशल्यामावशींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी आईंना न सांगता लिहीत आहे. दोन जुलैचं पत्र त्यांनीच सांगितलं होतं, पण बोट कापलेलं नव्हतं.

जूनमध्ये एका सकाळी दहा वाजता त्या दाराशी पंख्याखाली पाट टाकून बसल्या होत्या. मला विचारलं, पोरी, लाईन कवा येईन वं. मी दळण निवडत होते. समोर लख्ख ऊन होतं. मी म्हणाले, येईल आई थोड्या वेळानं. संध्याकाळी त्याच म्हणाल्या, पंखा तर फिरून राहिला होता.

तेव्हापासून काही दिसत नाही. उजेड-अंधारसुद्धा नाही. डॉक्टरांनी हात टेकले. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला माझ्या लेकराची शपथ घातली. तुमची पत्रं मी वाचून दाखवते, दोनदा. बारा खोल्यांच्या बोटीचं पत्रक अजून त्यांच्या उशीखाली आहे. त्यातली खिडकी जिथे आहे तिथे माझ्याकडून आपलं बोट ठेवून घेतात. मार्चपर्यंत त्यांना समोरचं बरंच दिसत होतं, मावशी. पत्रकातलं वाचून दाखवायच्या मला. हे लिहू नये, पण लिहिलं.

बारा ऑक्टोबर जवळ आली म्हणून शपथ मोडते. आई येणार नाहीत. म्हणतात, तिले सांग, पान्यावर जाऊन अंधार काय पाहाचा, तो तर घरीच हाय. पुढे अजून एक वाक्य बोलल्या आणि म्हणाल्या, हे लिहू नको. म्हणून ते लिहीत नाही.

लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर पदरात घ्या.

आपली,
गीतांजली


अमरावती
१३ सप्टेंबर २०२५

चि. दुर्गास,
अ. उ. आ.

गीतांजली, हे मोठ्यानं वाच. तिच्या उजव्या कानाशी वाच आणि काही गाळू नकोस. शपथ मोडल्याचं पाप लागत असेल तर माझ्या माथी.

दुर्गे, तुझं पत्र मी वाचू शकत होते आणि माझं तू. फोन नाही, बोलणं नाही, तरी आपल्या दोघींच्या मधे कोणी नव्हतं. आता मी लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून तुला पोचणार आणि तू बोललेलं दुसऱ्याच्या हातून मला. ते शेवटचं मोकळं पत्र चार मार्चचं. दोन ओळींचं. ते मी काल पुन्हा काढून बघितलं. ‘चालेल’ हा शब्द तू कागदाच्या बाहेर नेला आहेस. तेव्हा मला वाटलं, घाईत लिहिलं असेल.

मी जिना सांगितला, फळी सांगितली, धुकं सांगितलं, प्रणालीचं बाळंतपण सांगितलं. प्रणालीची सासू पंधरा दिवस इथेच येऊन राहिली होती. लाडू तिनंच वळले. मी गेले असते तर कोणाचंही काही अडलं नसतं. खरं मी तुला कधी लिहिलं नाही, स्वतःलाही सांगितलं नाही. तू ती नदी बघितलीस की तुझे डोळे जायला मोकळे होतील, असं मला वाटत होतं. बोट पुढे आहे तोवर नजर राहील, असं धरून बसले होते. शाहनवाजनं पहिल्याच दिवशी विचारलं, जाणारा कोण. जाणारी तू होतीस आणि मी बोट माझ्या भीतीला पाहून निवडत राहिले. बारा खोल्यांची बोट अठरा जानेवारीला निघाली, तिच्यात एक खोली रिकामी होती. आपली.

ऑक्टोबरचं रद्द केलं. तुझ्याशिवाय मी ती नदी बघणार नाही आणि तुला घेऊन मला बघवणार नाही.

येत्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं मूर्तिजापूरवरून अकोल्याला येते. आपला प्रवास तोच, त्याच गाडीचा. खिडकीशी बसणार नाही.

आले की दुपारी जेवणं उरकल्यावर मी तुझ्यापुढे पालथी पडेन. तू बोटानं लिही. तेवढं मला अजून वाचता येतं आणि तुला लिहिता येतं, मधे कोणी लागत नाही. गुदगुल्या झाल्या तरी मी हलणार नाही, एकही अक्षर मोडणार नाही. जे वाक्य तू गीतांजलीला लिहू दिलं नाहीस, ते पहिलं लिही.

लोभ असू दे म्हणायचं तोंड मला राहिलं नाही.

तुझी,
कौशल्या