दोनदा मोजलेली आई

धाकटे,

तुझी खुशाली विचारत नाही, ती परवा तुझ्या दारात उभी राहूनच पाहिली. जनगणनेच्या कामात तुमच्या वसाहतीतली तिसरी इमारत नेमकी माझ्या वाट्याला आली. आपल्या लहानपणी तिथं नुसता माळ होता, आता एकेका जिन्याला चाळीस घरं आहेत.

तू कामावर गेली होतीस. दार आईनं उघडलं. माझ्याकडे एकोणीस वर्षं गुडघे धरून बसलेली बाई तुझ्याकडे वर्षभरात लिफ्टनं खाली जाऊन मैत्रिणींत रमते म्हणे. कुणाचं तरी काहीतरी सांगताना खळखळून हसली. माझा जीव नुसता जळत होता.

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

"पाच," स्वतःलाही मोजून ती म्हणाली. "आणि तुझ्याकडे गं?"

"दोन."

दुसरं कोण, हे तिनं विचारलं नाही.

माझ्या घराचा फॉर्म मी आदल्या दिवशीच भरला होता. त्यात आई आहे. एक माणूस दोनदा मोजायचं नाही, हे नव्या लोकांना मीच बजावते.

गाव सव्वीस हजारांनी वाढलं म्हणतात. त्यातलं एक माणूस मी वाढवलंय, आणि खोडायला हात धजत नाही. खरी आई तुझ्याकडे आहे, कागदावरची तेवढी माझ्याकडे राहू दे.

तुझी,
थोरली