बिनलेबलची शिशी

१९ सप्टें.
बाबाचं आजही तेच. म्हणे, पुण्यात बसून आमाले शिकवू नको. म्या एवढंच म्हटलं का पिकाचं उरलेलं टॉनिक फेकू नका. तर म्हणे, तुले कायले पाहिजे? कपाशी तू फवारतं का? अन् फोन कापला. रिचार्ज मीच मारून देतो त्याले.

दादा फवारता फवारता वावरातच पडला, त्याले तीन आठवडे झाले. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणला. त्याले दिसते, पण धुरकट. फवारणीचं औषध देणारा दुकानदार गावभर सांगून राह्यला का पोरानं डोस जास्त घातला. दादाही म्हणते, हो, माहीच चुकी.

पण औषधात टॉनिक मिसळलं होतं त्याचं काय? बिनलेबलची शिशी, बिल नाही. दिली तर त्याच दुकानदारानं.

२२ सप्टें.
आमच्या ढाली-चिन्हाच्या दुकानात मोठी ऑर्डर. शास्त्रज्ञ लोकांचा सत्कार हाय, त्याईची सन्मानचिन्हं. जाड काच, खाली लाकूड. कोरायचं मलेच. ‘पृथक्करणशास्त्र व विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातील कार्याबद्दल.’ आठवी नापास माणसानं एवढं कोरायचं म्हणजे. दोनदा कागदावर गिरवलं.

मालकाले विचारलं, हे काय असते? म्हणे, “मागल्या महिन्यात कबड्डीची ढाल केलीस, तेव्हा विचारलंस का?” म्हटलं, कबड्डी मले येते. हसला.

२७ सप्टें.
सत्कार झाला. मालकानं मलेच पाठवलं, स्टेजच्या मागून नंबरानं एकेक काच द्यायले. शाल, नारळ, फोटो.

एक म्हाताऱ्या मॅडम होत्या. पाण्यात, रक्तात फवारणीचं औषध किती उतरलं ते वेगळं काढून दाखवते त्याईची पद्धत. बोलल्या थोडंच. म्हणे, एकदा मिसळलं की लोक म्हणतात आता काय कळणार. कळतं, घाई केली नाही तर. संगं काम केलेल्या दोघांची नावं घेतली, ते वारले. म्हणे ही शाल त्यांचीही. मंग शाल नीट घडी करून मांडीवर ठेवली. मागून मले सगळं दिसत होतं.

काच त्याईले उचलेना. “बाळ, गाडीपर्यंत आणशील?” पायऱ्यांवर विचारलं कुठला तू. म्हटलं, यवतमाळ जिल्हा, महागावकडचा. थांबल्याच. “घरी कोणी फवारतं?”

सांगून टाकलं सगळं. ड्रायव्हर हॉर्न मारून राह्यला तरी ऐकत होत्या. “शिशीत किती उरलंय?” चमचाभर असन. “पुष्कळ झालं. सील नाही, बिल नाही, कोर्टात चालेल असं मी सांगत नाही. पण आत काय होतं ते तुम्हाला कळेल.” पैसे विचारले तर म्हणे आधी शिशी आण. कुरिअरनं नको, कोणीतरी हातानं आणा, डब्यात बंद करून.

कार्डाच्या मागं नंबर लिहून दिला.

२८ सप्टें.
वहिनीचा फोन. “भाऊजी, शिशी हाय. म्या कुडात खुपसून ठेवली. मामाजी दोनदा शोधून गेले.”
बाबा काहून शोधते?
मंग हळूच, “टॉनिक त्याईनंच ओतलं ना. हे नको म्हणत होते.”

म्हणजे महिनाभर मी भांडून राह्यलो अन् मलेच मालूम नव्हतं.

३० सप्टें.
काम बिघडलं. एका ढालीवर छिन्नी घसरली. मालक म्हणे, मन लागत नसेल तर जा गावाला. आधी सुरतेत कामाले होतो, तिथं मन लागलं नाही, इथं लागत नाही. गावात तर कधीच नाही लागलं.

१ ऑक्टो.
बाबाले मॅडमचं सांगितलं. फोन कापला नाही.
“अन् त्यात विषच निघालं तर?”
तर दादाची चुकी नाही.
“मंग माही.”
म्हटलं, दुकानदाराची, बाबा. तुमाले काय मालूम आत काय हाय.
“लेबल नव्हतं, हे तं मालूम होतं ना मले.”
जेवले का विचारलं. हो म्हणे.

२ ऑक्टो.
दादा फोनवर आला. आवाज बारीक झाला त्याचा. “गज्या, राहू दे. म्हाताऱ्याले कायले उघडं पाडतं? मी घेतलं ना माह्यावर.”
म्हटलं, अन् उद्या दुसऱ्याच्या घरी तेच टॉनिक गेलं तर?
तर म्हणे, मले भांडे दिसते आता, वाटी का गिलास ते नाही समजत.

४ ऑक्टो.
बाबाचा फोन, सोताहून. आजवर कधी केला नव्हता. “शिशी मीच आणतो. सुनेले सांग, मले दे म्हणा.”
पुण्याले? हा माणूस यवतमाळच्या पुढं गेला नाही कधी. म्हटलं, एकटे याल? “ओतली एकट्यानं, तर आणीनही.”

वहिनी नाही म्हणते. “भाऊजी, वाटंत पूल किती हायेत. खिडकीतून हात बाहेर काढला का संपलं. तुम्हीच या घ्यायले.”
खरं हाय तिचं. मालकानं सुट्टीही दिली असती. अन् बाबानं फेकली तर पुन्हा चमचाभर कुठून आणायचं.

संध्याकाळपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसलो. मंग वहिनीले फोन केला. म्हटलं, देऊन द्या त्याईले.

बाबाले पैसे पाठवले. येण्याजाण्याचं तिकीट अन् वाटंतलं चहापाणी धरून, सोळाशे.