डावीकडे आता कोणी नाही

मंगळवार, १ ऑगस्ट ७८

मधू निमजे गेला. बातमी पक्की. त्याच्या थोरल्या भावाने, रमेशने, दुपारी ऑफिसात येऊन सांगितलं. काल कोराडीला हजर झाला. वीज केंद्रात नोकरी, क्वार्टर मिळणार, आणि तिथल्या संघात लेफ्ट आउट. म्हणजे शील्ड स्पर्धेच्या तोंडावर आमच्या विणकर इलेव्हनकडे डावीकडे कोणी नाही.

खेळाचं पान माझ्याकडे, त्यामुळे बातमीही मीच केली. सहा ओळी, 'स्थानिक फुटबॉलपटूची निवड'. सातवी लिहिली होती, खोडली.

घरी इंदूला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाप्पा. त्याच्या मायचे डोळे गेले मागावर. आता तरी तिले निवांत बसू द्या." जेवलो.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

तांडापेठेत, विणकरांच्या मोहल्ल्यात, गणपतराव (ग.रा.) सोनकुसरेंकडे गेलो. एकेकाळचे आपले बॅक, आता संघाचे गुरू. मागावर बसल्या बसल्याच बोलतात, पायाखालची पावडी थांबत नाही. वाईट बातमी त्यांनी त्याच ठेक्यात सांगितली. विणकर सोसायटीचे अध्यक्ष धकाते यांना संघाची खोली हवी आहे. सूत गोदामात मावत नाही, शेजारची खोली फुटबॉलवाल्यांनी अडवलेली. धकाते म्हणतात, मधू गेला, आता खेळ कशाचा करता. शील्ड संपल्यावर सोसायटीची सभा आहे, तीत ठराव येणार: संघ बंद, खोलीत सूत.

ग.रा.ना विचारलं, तुम्ही काय म्हणालात?

"म्हटलं, सभा आहे ना, मंग सभेत बोलू. तोवर शील्ड खेळून घेतो."

म्हणजे जे काय आहे ते याच महिन्यात. मोहल्ल्यात आजवर शील्ड आलेली नाही. मधू असतानाही आली नाही. आता...

रविवार, ६ ऑगस्ट

सराव पाहिला. पाहवला नाही.

आमची पोरं मागावरची. धोटा उजव्या हाताने सोडला की डावा हात तिथे असतोच, बघावं लागत नाही. बॉलही तसाच खेळतात. सेंटर हाफ गोविंदा मान खाली घालून डावीकडे सोडतो, कारण इतकी वर्षं तिथे मधू होताच. आज तिथे चिखल होता. बॉल गेला थेट बाहेर, पानठेल्यापर्यंत. परत आणला, परत तिथेच गेला. शेवटी पानवालाच म्हणाला, मलेच घ्या ना गा संघात, अर्धा खेळ तर मीच खेळून राहिलो.

सगळे हसले. गोविंदा नाही हसला.

बुधवार, ९ ऑगस्ट

पहिला सामना, जरीपटका संघाशी. जिंकलो, १-० ने. कसे जिंकलो ते नीट लिहून ठेवतो, कारण बातमीत जागा नव्हती.

हाफ टाइमपर्यंत तोच प्रकार. बॉल डावीकडे, तिथे कोणी नाही, बाहेर. लोक शिट्या मारत होते. पण एक गोष्ट दिसली. गोविंदाने डावीकडे खांदा वळवला की जरीपटक्याचे दोन्ही बॅक तिकडे धावत. मधू नाही हे त्यांनाही माहीत होतं, पेपरात मीच छापलं होतं. तरी पाय ऐकत नव्हते. मधूला अडवता अडवता त्यांचीही अर्धी उमर गेलेली.

शेवटी शेवटी गोविंदाचा पाय घसरला आणि बॉल उलट्या बाजूला, उजवीकडे गेला. तिथे प्रकाश रामटेके एकटा. आजूबाजूला चिटपाखरू नाही. त्याने थांबून, बघून, सावकाश मारला. गोल.

रामटेके आमच्याच छापखान्यात कंपोझिटर. इंदोऱ्याहून सायकलने येतो. चार वर्षं राइट आउटला उभा आहे, उभाच. माझ्या बातम्यांत त्याचं नाव 'याशिवाय' नंतर येतं.

गुरुवार, १० ऑगस्ट

कालची बातमी रामटेकेनेच जुळवली. मी वरून मजकूर पाठवला होता, 'रामटेकेने केलेल्या एकमेव गोलवर'. खाली गेलो तर तो स्टिकमध्ये अक्षरांचे खिळे लावत होता. म्हणाला, "साहेब, केसमधला मधूचा 'धू' पार झिजला. 'टे' पाहा कसा कोरा आहे."

मी म्हटलं, आता झिजव.

संध्याकाळी ग.रा.कडे. बॅक रिकाम्या डावीकडे धावतात हे त्यांनीही पाहिलं होतं. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, सवय आपली मोडू नका, त्यांची वापरा.

रविवार, १३ ऑगस्ट

सराव. आज मजा.

इनसाइड लेफ्ट बबनला ग.रा.नी शिकवलं: गोविंदाने खांदा वळवला की मधूसारखा ओरडत कोपऱ्याकडे धाव.

बबन: "अन् बॉल?"

"बॉल नाही येणार."

"बॉल नाही येणार तं धावू काहून?"

"लोकाईले दिसाले."

बबन रुसून बसला. त्याला समजावायला गोविंदाला बराच वेळ लागला. मग धावला. असा धावला की पानवाल्याने ठेल्याची फळी आत ओढून घेतली. बॉल मात्र तोवर उजवीकडे, रामटेकेच्या पायात.

गोविंदाला अजून जड जातंय. वर बघायला शिकतो आहे. तीनदा बरोबर, चौथ्यांदा पुन्हा चिखलात.

शनिवार, १९ ऑगस्ट

खापा, ३-० ने. तीनही गोल उजवीकडून. रामटेकेचे दोन, तिसरा गोविंदाचा, तोही रामटेकेच्या पासवर. बबन सगळा सामना मोकळा धावला. खाप्याचा एक बॅक तर त्याच्यामागे मैदानाबाहेर गेला.

खाप्याची माणसं कन्हानकाठची, बोलायला गोड. त्यांचा कप्तान जाताना म्हणाला, तुमचा डावीकडचा नवा पोरगा लय तेज आहे. बबनची छाती त्यानंतर खाली आलेली नाही. सांगतो सगळ्यांना, बॉलले हात नाही लावला, पाय नाही लावला, तरी तारीफ.

मथळ्याला जागा मिळाली. 'विणकर उपांत्य फेरीत'. रात्री छापखान्यात रामटेकेने तो मोठ्या टाइपात लावला. मी तसं सांगितलं नव्हतं. राहू दिलं.

गुरुवार, २४ ऑगस्ट

धकाते भेटले, सोसायटीच्या दारात. दोन फेऱ्या जिंकलो याचा आनंद झाला म्हणाले. ठरावाचं विचारलं. म्हणाले, ठराव ठरावाच्या जागी. "सूत काय शील्डवर वाळवू?" माणूस वाईट नाही. पावसात भिजलेली सुताची गाठोडी त्यांच्या ओट्यावर रचलेली पाहिली. त्यांचंही खोटं नाही.

उपांत्य सामना कामठीशी. गेल्या साली मधू असताना त्यांनी चार मारले होते. ऑफिसात सगळ्यांचं मत एकच, इथवर आले हेच पुष्कळ. मी पुढच्या मजकुराला लागलो. लिहायचं असतं तेव्हा आधी बोलू नये.

मंगळवार, २९ ऑगस्ट

जिंकलो. कामठीला हरवलं. २-१.

आज बातमी दिली तेव्हा स्वतःला बजावलं होतं, एकही विशेषण नको. नाही घातलं. म्हणून इथे लिहितो: अप्रतिम खेळले, अप्रतिम.

कामठीने पहिला गोल लवकर केला. हुशार माणसं, खाप्याचा सामना पाहून आलेली. डावीकडे कोणी फिरकेना. बबन ओरडत धावला, त्यांच्या बॅकने मान सुद्धा वळवली नाही. दोघंही रामटेकेला चिकटलेले. हाफ टाइमला वाटलं, संपलं.

ग.रा. मैदानाच्या काठावर उकिडवे बसले होते. पोरं भोवती. ते एवढंच म्हणाले, "गोविंदा, आज आंधळा खेळ. जुन्यासारखा."

पुढे सगळं फार सोपं होतं. गोविंदाने मान खाली घातली आणि बॉल सोडला डावीकडे, बघितलंच नाही. तिथे बबन. एकटा. आयुष्यात पहिल्यांदा त्या धावण्याला बॉल मिळाला, तर बिचारा आधी थबकलाच. मग मारला. गोल. दुसराही तिकडूनच. बबनचा क्रॉस, रामटेकेचं डोकं.

शिट्टी वाजली तसे लोक आत शिरले. तांडापेठेपर्यंत सगळे पायी, बबन खांद्यावर. बायका ओट्यांवर उभ्या. कोणी तरी धकात्यांना मधे ओढलं, आणि ते नाचले. धोतर सावरत नाचले. मी पाहिलं.

घरी आलो तेव्हा इंदू म्हणाली, "अवो, चष्म्यावर गुलाल आहे. वार्ताहर ना तुम्ही?"

बुधवार, ३० ऑगस्ट

दुसरा उपांत्य सामना कोराडीने जिंकला. मधूचे दोन गोल. तटस्थपणे सांगायचं तर दुसरा गोल असा होता की टाळी वाजवावीच लागली. मी वाजवली. शेजारी मोहल्ल्याची पोरं होती, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांनीही वाजवली.

अंतिम सामना मंगळवारी. आमच्यासमोर मधू.

शनिवार, २ सप्टेंबर

पोळा. आज एक वाईट प्रकार कळला. उद्या मारबत, रोगराई घालवायची मिरवणूक. दरवर्षीप्रमाणे मोहल्ल्याची पोरं बडग्याचा पुतळा बांधत आहेत, आणि यंदाच्या बडग्याला त्यांनी मधूची जुनी जर्सी घातली. पाठीवर पाटी, 'कोराडीचा दगाबाज'. मिरवायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा, साथीच्या रोगासारखा. मधू सणाला घरी आलेला, त्याची माय त्याच गल्लीत राहते.

मी ग.रा.ना घेऊन गेलो. पोरं ऐकेनात. एक जण म्हणाला, काका, त्यानं आपल्याले टाकलं ना.

ग.रा. ओरडले नाहीत. "पोट घेऊन गेला तो, पाप नाही नेलं. उद्या तुले कोराडीनं बोलावलं तं तू नाही जाणार? खरं सांग."

मग गोविंदा पुढे आला, त्याने जर्सी बडग्याच्या अंगातून काढली आणि घडी घातली.

रविवार, ३ सप्टेंबर

बडगा निघाला, पण निराळा. अंगात पोतं, पाठीवर नवी पाटी: 'मधूशिवाय जमणार नाही म्हणणारे'. नावाने नाही, पण पोट मात्र धकात्यांसारखं मोठं बांधलेलं. धकाते सोसायटीच्या ओट्यावरच उभे होते. पोरं त्यांच्यासमोर मुद्दाम थांबून ओरडली, "रोगराई, खोकला, सर्दी घेऊन जा गे मारबत!" मागून कोणी तरी जोडलं, "अन् सुताची पोती घेऊन जा रे बडग्या!" धकाते आधी रागावले, मग स्वतःच्या पोटाकडे पाहून हसले.

गर्दीत मधू भेटला. माझ्या पाया पडला. वाळला आहे. म्हणतो, कोराडीत राखच राख, कपडे वाळत घातले की पांढरे होतात. घर मात्र पक्कं आहे, नळ आतच आहे, मायला दिवाळीनंतर नेणार. मग म्हणाला, "काका, मंगळवारी मी हातचं राखून खेळणार नाही."

मी म्हटलं, राखलंस तर गणपतराव मारतील.

हसला. मी त्याला रामटेकेचा खेळ पाहिला का विचारलं. पाहिला म्हणाला. "मी इतके दिवस त्याच्याकडं बॉल नाही दिला. एकदाही नाही." पुढे काही बोलणार होता, ढोल आले.

सोमवार, ४ सप्टेंबर

शेवटचा सराव. पाऊस उघडला आहे. मैदान सुकतंय.

पेच असा. मधू त्यांच्या डावीकडे, म्हणजे आमच्या उजवीकडे. रामटेके वर गेला तर त्याच्या पाठी मधूला रान मोकळं. रामटेके मागे थांबला तर आमचे गोल करायचे कोणी? कामठीवर केलेली युक्ती दुसऱ्यांदा चालणार नाही, मधू गोविंदाची मान ओळखतो. मोहल्ल्यात प्रत्येक ठेल्यावर हीच चर्चा, जो तो गुरू झालेला. ऑफिसात वृत्तसंपादकांनीही मला हेच विचारलं. कालपर्यंत त्यांना राइट आउट म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

ग.रा.नी रामटेकेला बाजूला घेतलं. मी जवळच होतो.

"तू मागं नको येऊ. वरच राहाय. मधूले यावं लागंल मागं, तुले धराले."

"अन् नाही आला तं?"

"तं मंग तू गोल कर."

रामटेकेने मान डोलावली, मोजे वर ओढले आणि पळायला गेला.

धकात्यांनी उद्या दुपारनंतर सोसायटीचे माग बंद राहतील असं जाहीर केलं. ठराव मागे घेतला का, विचारलं. म्हणाले, सभा रविवारी आहे, मंगळवार होऊ द्या आधी. पण स्वतःसाठी पुढच्या रांगेत खुर्ची सांगून ठेवली आहे, आणि दुसरी मधूच्या मायसाठी. तिच्या शेजारी कोणी बसायचं, कोणत्या गोलवर तिने टाळी वाजवायची, यावर बायकांचा वाद चालू आहे.

उद्या साडेचारला कस्तुरचंद पार्क. पहिल्या दहा मिनिटांत कळेल: मधू मागे येतो की रामटेके. दोघांपैकी कोणालाही मागे यायची सवय नाही.