नो व्हेकन्सी कंपनीचा माणूस

चिंचवड स्टेशन, दिवाळी सरता सरता, १९८२

ज्योतीरामभाऊ यांसी धाकट्या साडूचा, सोपानचा रामराम. तुमच्या गुडघ्याची सूज आणि मंजुळाबाईंचा राग, दोन्ही उतरले असतील असं धरून चालतो.

भाऊबीजेला तुम्ही विचारलंत, छपाईच्या लाकडी अक्षरांची ती पेटी केवढ्याला पडली. हिशेब असा: माझी सायकल, कस्तुराच्या पाटल्या आणि त्या पाटल्या करून देणाऱ्या आपल्या सासऱ्यांचा अबोला. (अबोला स्वस्तात पडला, हे कस्तुराला सांगू नये.) पत्र आमच्या गुरुदत्तच्या नोकरीसाठी नाही, हे आधीच सांगतो. पोरगं आयटीआय करून वर्षभर घरी बसलंय, पण तो विषय वेगळा.

विषय अक्षरांचा. इंग्रजी खरी, पण अंगापिंडानं तालमीतली. वीतभर उंच, दंड जाड, प्रत्येकाच्या पायाखाली विटेसारखी चौकोनी बैठक. हल्लीची ऑफसेटची अक्षरं वारा आला तर उडतील. बासष्ट साली गावाहून आलो तेव्हा पिंपरीपासून आकुर्डीपर्यंत कारखान्याच्या ज्या गेटवर बघावं तिथं हीच. मला इंग्रजी येत नव्हतं, पण कान तिखट. एक बाबू दुसऱ्याला पाटी वाचून दाखवत होता, तेवढं उचललं: नो व्हेकन्सी. म्हटलं, केवढी ही कंपनी, एवढे कारखाने एकाच मालकाचे! गावी कळवून टाकलं, नो व्हेकन्सीत चिकटायचं बघतो. सासऱ्यांनी चौकशी केली. गावच्या मास्तरांनी तोंड सरळ ठेवून सांगितलं, जुनी कंपनी आहे, माणूस घेताना फार चोखंदळ. लग्न ठरलं.

कंपनीचा साहेब मात्र सापडेना. शेवटी एका पहारेकऱ्याला विचारलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. बिडी पुढं करून म्हणाला, "भावा, ही पाटी छापणारा प्रेसवाला हाय स्टेशनापाशी. त्याला माणूस पायजे." अशी मला नो व्हेकन्सीत नोकरी लागली. (म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. सासऱ्यांना हे अजून पटलेलं नाही.)

पुढं मालक थकला आणि पेटी मी घेतली. काय दिवस होते ते. ट्रेडल मशीनचा ठोका ऐकून मी पलीकडच्या खोलीतून सांगायचो, शाई कमी पडली. कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं तरी अक्षर लागायचं. आणि अभिमानानं सांगतो, माझी पाटी असताना गेटात एक उमेदवार शिरलेला नाही. रस्त्यावरूनच माघारी.

आता गिऱ्हाईक पत्र्यावर रंगवून घेतं. कस्तुरा आंघोळीच्या बंबाकडं बघते, मग पेटीकडं. "एवढं लाकूड आणि वर विकतचं सरपण," म्हणते. मी मधे उभा असतो.

मंजुळाबाईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.
तुमचा सोपान

ता. क. तुमच्या कंपनीत फिटरची जागा निघाल्याचं कानावर आलं. तुम्ही टाइम ऑफिसात, साहेबांशी रोजचं बोलणं. माझ्यासाठी नको, मंजुळाबाईंच्या भाच्यासाठी शब्द टाका.

आणखी ता. क. पोरानं स्वतः यायला काय झालं, म्हणाल. सोमवारी आला होता. तुमच्या गेटवरची पाटी वाचून रस्त्यावरूनच माघारी फिरला. पाटी मी छापलेली आहे.