‘होय’ पोचलं, ‘पण’ राहिलं

अहो,

सगळ्यात आधी कोण आलं असेल? नलूताई! उजाडायच्या आत, बाहेर हा बर्फ, आणि या बाई खिचडीचा डबा घेऊन दारात. मागून त्यांचे यजमान, डॉक्टर, मफलर गुंडाळून. तुम्ही नाही ओळखायचात. तुम्ही गेलात, मी लेकाकडे अमेरिकेत वेस्ट विंडसरला आले, त्यानंतरची ही ओळख. तिकडच्या कोर्टात इथून कॉम्प्युटरवर साक्ष देताना मला कोणी पढवत नाही ना, हे बघायला कोर्टाने मंजूर केलेला माणूस शेजारी लागतो. तो म्हणजे डॉक्टर.

आज तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढू नका. सवय होती तुम्हाला!

केस कोणी केली? तुमच्या लाडक्या दिलीपने! सख्खा पुतण्या, आणि म्हणतो, कराडच्या दोन खोल्या काकांनी मला तोंडी देऊन टाकल्या. कधी? तर तो राहायला आला त्या दिवशी. तुम्ही दारातच म्हणालात ना, “ये, घर आपलंच समज.” त्याने समजलं की हो!

नुसतं “ये, बस” म्हणता येत नव्हतं का?

दर तारखेला इस्त्रीची साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसायचं. लांब कुठेतरी कोर्टातला पंखा फिरताना बघायचा, आणि मग ऐकायचं, पुढची तारीख. दमले हो. लेक म्हणतो, “सोडून दे आई, इथे काय कमी आहे तुला?” कमी काहीच नाही. पण तिकडे माझं दार आहे, म्हणून तर इथे पाहुणी व्हायला बरं वाटतं. ते त्याला कसं सांगू?

आज एकदाची केस पुकारली. मी अख्खी शपथ घेतली आणि नात ओरडते, “आजी, यू आर ऑन म्यूट!” परत घेतली. मग तुमचं नाव सांगायला लावलं. या वयात, भरल्या कोर्टात, लाजले मी!

दिलीपचा वकील म्हणाला, “तुमचे पती ‘घर आपलंच समज’ म्हणाले होते? होय की नाही, एवढंच सांगा.”

शपथ घेतलेली. खोटं कसं बोलू?

“होय. पण साहेब, ते सगळ्यांनाच म्हणायचे. सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा! मग खोल्या किती जणांच्या झाल्या?”

कोणी हसेना. जज मॅडमची मान तशीच वाकडी. पंखासुद्धा थांबलेला! “आजी, इट फ्रोझ,” नात म्हणाली. परत जोडलं तोवर तिकडे कोर्ट उठायची वेळ. आपले वकील फोनवर म्हणाले, तुमचं ‘होय’ लिहून घेतलंय, पुढचं ऐकूच आलं नाही. उरलेलं पुढच्या तारखेला.

एवढी बसले, आणि पोचलं काय, तर ‘होय’!

ही मंडळी निघाली तर सवयीने बोलून गेले, “परत या हं, घर आपलंच समजा.” डॉक्टर बुटात पाय घालता घालता थांबले. “वहिनी, कोर्टाचा माणूस ऐकतोय बरं!” नलूताईंनी हसून हसून भिंत धरली. मीसुद्धा हसले. किती दिवसांनी!

काळजी करू नका. पाठ कितीही धरली तरी त्या खुर्चीत बसेन आणि तो ‘पण’ कोर्टात पोचवेन. कराडचं दार माझ्याच किल्लीने उघडेन. तेव्हा तेवढं फोटोतून कोणाला काही बोलू नका!

डॉक्टर आणि नलूताई परत येतो म्हणालेत. गुरुवारी. तारीखही त्याच दिवशी आहे.

तुमची,
सुमन